वडगावची ठिपकी

कोंबड्यांच्या एका रोगाला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. सरकारी कागदावर त्याचं नाव राणीखेत. कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेत गावावरून ते पडलं. जगभर त्याला न्यूकॅसल म्हणतात, कारण १९२६ साली इंग्लंडात त्या शहराजवळ तो नोंदला गेला. आमच्या आज्जीला या दोन्ही गावांशी काही देणंघेणं नव्हतं. ती म्हणायची, "नाव कुठलं का असंना, मान मोडतंय ते मानमोडी."

या रोगातून वाचलेली कोंबडी मी आयुष्यात एकच बघितली. तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. बेळगावची मंडळी वाचतील, त्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

साल १९९३. किल्लारीचा भूकंप झाला ते वर्ष. मी सातवीत होते. आमचं घर वडगावात, शेत येळ्ळूरच्या रस्त्याला. पुढं सोपा, मागं न्हाणी, त्याच्यामागं गोठा आणि गोठ्याला लागून खुराडं. खुराड्यात अकरा कोंबड्या. सगळ्या आज्जीच्या. म्हणजे खरोखरच तिच्या. शेतातलं भात आण्णांच्या नावावर, म्हशीचं दूध आईच्या हिशेबात, पण अंड्याचे पैसे आज्जीच्या कनवटीला. तिची मिश्री, जत्रेचा खर्च, माहेरच्या लेकीबाळींची ओटी आणि आम्हा पोरांच्या वह्या त्यातून यायच्या. कुणापुढं हात पसरायचा नाही हे तिचं ब्रीद, आणि ते ब्रीद या अकरा कोंबड्यांच्या जिवावर चाललेलं.

त्यातली एक ठिपकी. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर लहानशी शेंडी. ती खुराड्यापेक्षा घरातच जास्त असायची. आज्जी तांदूळ निवडायला बसली की ही सुपाच्या कडेला उभी. कणी मागायची पद्धतसुद्धा तिची वेगळी. चोच मारायची नाही, नुसती मान एका बाजूला करून आज्जीकडं बघायची. "आली बघ माझी सवत," असं म्हणत आज्जी मूठभर कणी टाकायची.

आमच्या मागच्या भिंतीपल्याड अक्काचं घर. ती विणकर. घरात दोन माग, दिवसभर खडखडाट. लिंगायत घर, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. त्यांच्याकडं अंडं शिजणं सोडाच, आमची कोंबडी चुकून भिंतीवरून पलीकडं गेली तर अक्का काठी घेऊन "हुश् हुश्" करत ती परत धाडायची. आज्जी तिच्याशी मराठीत बोलायची, अक्का कन्नडात उत्तर द्यायची. दोघींना दोन्ही भाषा कळायच्या, पण आपली सोडायची नाही हे जणू ठरलेलं. तीस वर्षं त्यांची सुखदुःखं अशीच दोन भाषांत भिंतीवरून चाललेली.

एके दिवशी दोन कोंबड्या पिसं फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेल्या दिसल्या. संध्याकाळपर्यंत त्यांचं हिरवट पांढरं पाणी व्हायला लागलं. चोच उघडून श्वास घ्यायच्या, घशात घरघर. सकाळी दोन्ही मेलेल्या. मग रोज दोन, रोज तीन. गल्लीत सगळीकडं तेच. काहींनी घाईघाईनं उरलेल्या कोंबड्या बाजाराला नेल्या, काहींनी कापून खाल्ल्या. आज्जीला लोकांनी सांगितलं, अजून चार धड आहेत, विकून टाक, चार पैसे तरी येतील. ती म्हणाली, "रोगाचं कोंबडं बाजारात न्यायचं म्हंजे दुसऱ्याच्या खुराड्यात मर सोडायची. न्हाय जमायचं."

काकानं मागच्या परसात खोल खड्डा काढला. मेलेल्या कोंबड्या त्यात टाकून वर चुना पसरला. आठ दिवसांत खुराडं रिकामं. उरली एकटी ठिपकी, आणि तीही नावालाच. तिचे पाय गेले होते. मान पाठीकडं वळून डोकं उलटं झालेलं, चोच आभाळाकडं. उभं राहायला गेली की गिरकी घेऊन पडायची. दाणा दिसायचा, चोचही मारायची, पण ती पडायची दाण्यापासून वीतभर लांब.

काका म्हणाला, "आता हिचे हाल कशाला? अजून अंगात मांस हाय. आज कापू, न्हाईतर उद्या पुरावी लागंल."

त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. कोंबडी पाळतात ती कशासाठी, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. रविवारी रस्सा झाला की आम्हीच आधी ताटावर बसायचो. पण आज्जी ठिपकीला मांडीवर घेऊन बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "तुझा बा दीड वर्ष एका कुशीवर होता. अर्धं तोंड वाकडं, घास निम्मा बाहेर. त्यास्नी भरवताना मला कुणी इचारलं न्हाई, किती दिवस म्हणून."

काका गप्प बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ठिपकीला कापडी पिशवीत घातलं, तिची चोच तेवढी बाहेर ठेवली, पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि गुरांच्या दवाखान्यात गेला.

तिथल्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते काकानं घरी येऊन शब्दाशब्दानं सांगितलं, म्हणून माझ्या लक्षात आहे. हा विषाणूचा रोग, त्याला मारणारं औषध नाही. या कोंबडीनं पहिला मार झेललाय, आता रोग नसांत उतरलाय म्हणून मान अशी. दाणा-पाणी पोटात जात राहिलं तर वाचेल, मानही बरीचशी सरळ होईल. नाही गेलं तर रोगानं नाही, उपाशी मरेल. महिनाभर हातानं भरवावं लागेल. "तेवढं करणारं कुणी आहे का घरात?" असं त्यांनी विचारलं. काका म्हणाला, "माझी आई हाय."

त्यांनी बी-कॉम्प्लेक्सचं औषध दिलं आणि ताकीद दिली. हिला हात लावल्यावर साबणानं हात धुवा, तसाच हात डोळ्याला लावू नका, माणसाचेही डोळे येतात. आणि या चपला घालून दुसऱ्याच्या खुराड्याकडं जाऊ नका.

मग सुरू झाली ती सेवा. आज्जीनं जुन्या लुगड्याची भलीमोठी चुंबळ केली, घागरीखाली घेतात तशी, आणि ठिपकीला त्यात बसवलं. चारी बाजूंनी टेकू मिळाल्यामुळं ती पडेनाशी झाली. वर बांबूचं डालगं, डालग्यावर पोतं, म्हणजे उजेड कमी. कारण जरा आवाज झाला, कुणी दचकन पुढं आलं की तिची मान आणखी पिळायची. रात्री गारठा पडायचा म्हणून चुलीजवळची जागा. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून डालग्यात ठेवायची, रात्रीत एकदा बदलायची.

खाणं म्हणजे नाचणीची आंबील, पातळ, कोमट, चिमूटभर हळद घालून. हळदीनं विषाणू मरत नाही हे आता मला कळतं, पण आज्जीच्या हातून हळदीवाचून औषध होतच नसे. भरवायला माझा शाईचा ड्रॉपर उकळून घेतला. इथं खरी अडचण आली. कोंबडीच्या जिभेच्या मुळाशीच श्वासाचं भोक असतं. घाईनं ओतलं तर आंबील तिथं जाते आणि कोंबडी गुदमरून मरते. थेंब चोचीच्या कडेला सोडायचा, तिनं गिळला की दुसरा. त्याआधी पिळलेली मान हळूहळू, अजिबात जोर न लावता सरळ करून धरायची. आज्जीचे हात थरथरायचे. आईला म्हशी आणि शेत. मी ड्रॉपर धरला की ठिपकी चोच घट्ट मिटायची. पहिल्या दिवशी निम्मी आंबील माझ्या परकरावर.

संध्याकाळी भिंतीवरून अक्काचं डोकं वर आलं. "निम्म कोळी ह्यांग ऐती?"

तुमची कोंबडी कशी आहे, असं ती विचारत होती. कन्नडात कोंबडीला कोळी म्हणतात. माझा धाकटा भाऊ तेव्हा चार वर्षांचा. तो छताकडं बघत कोळी शोधायला लागला. त्या आठवड्यात आमच्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं ते तेव्हा.

आज्जीनं सगळं सांगितलं. अक्का जरा वेळ थांबली. मग भिंतीच्या कडेचा दगड चढून आमच्या परसात उतरली, पदर खोचला आणि म्हणाली, आण इकडं.

अंड्याला शिवत नाही ती बाई आमच्या न्हाणीच्या पायरीवर कोंबडी घेऊन बसली. तिची बोटं आठवतात. जन्मभर मागावर तुटलेले धागे सांधलेली, लांब आणि हलकी. डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं तिनं ठिपकीचं डोकं असं धरलं की तिला धरल्याचं कळलंही नाही. चोचीच्या कडेला नखानं जरासं दाबलं, चोच उघडली. "हाकु," ती मला म्हणाली. घाल. मी थेंब टाकला. ठिपकीनं गिळला. पंधरा ड्रॉपर पोटात गेले, एक थेंब सांडला नाही. अक्कानं गळ्याखालची पिशवी बोटानं चाचपून बघितली, भरलेली लागली तशी मान डोलावली. मग आमच्याच नळावर खसाखसा हात धुतले, घरी जाऊन पुन्हा आंघोळ केली आणि मागावर बसली.

तेव्हापासून तो क्रमच झाला. त्या काळात लाईट सारखी जायची. लाईट गेली की माग बंद, माग बंद की अक्का मोकळी, अक्का मोकळी की ठिपकीचं जेवण. खडखडाट थांबला की मी आंबील कोमट करायला घ्यायची. भिंतीवरून तिचा ठरलेला प्रश्न यायचा, "नीर कुडीतेन?" पाणी प्याली का? आणि आज्जीचं ठरलेलं उत्तर, "प्याली की. तुझीच वाट बघायली." मागाखालचा सुताचा चोथाही तिनं पिशवीभर आणून दिला, चुंबळीखाली अंथरायला. तो भिजला की फेकायचा, नवा घालायचा. रोज सकाळी आज्जी ठिपकीची पिशवी चाचपायची. रिकामी लागली म्हणजे रात्रीचं पचलं, दिवस बरा जाणार.

आणि त्यातच १ नोव्हेंबर आला.

बेळगावबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. १९५६ साली १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून त्या दिवशी शहरात दोन दिवस एकाच वेळी असतात. कन्नड माणसं राज्योत्सव करतात, चन्नम्मा चौकात लाल-पिवळे झेंडे, मिरवणुका, गाणी. मराठी माणसं काळा दिन पाळतात, दुकानं बंद, दंडाला काळी फीत, सायकल फेरी. आमच्या घरातून काका दरवर्षी फेरीला जायचा. अक्काचा थोरला मुलगा दरवर्षी चौकात. एरवी एकमेकांच्या सायकलची चेन बसवून देणारे हे दोघं त्या दिवशी समोरासमोर आले तरी मान वळवून जायचे.

त्या सकाळी अक्का आली नाही. माग बंदच होते, सुट्टी. आंबील दोनदा गरम करून गार झाली. मी प्रयत्न केला, ठिपकीनं चोच उघडली नाही. बाहेर कुठं फटाके वाजले की ती डालग्यात गिरकी घ्यायची. आज्जी सारखी भिंतीकडं बघत होती, पण हाक मारली नाही. तिनं हाक का मारली नाही हे मला तेव्हाही कळत होतं.

दुपारी काका फेरीहून आला, घामाघूम, दंडाला काळी फीत तशीच. न्हाणीच्या पायरीवर बसून पाणी पीत होता, तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. अक्का. भिंतीवरून नाही, बोळ फिरून दारानं आलेली. नवं लुगडं, केसांत फूल. घरी सणाचा स्वयंपाक झाला असणार. तिनं काकाकडं बघितलं, फितीकडं बघितलं. काकानं तिच्याकडं बघितलं. मी श्वास धरून उभी.

"सत्तिल्लला?" अक्कानं विचारलं. मेली नाही ना?

काका उठला. ठिपकीला डालग्यातून काढलं, दोन्ही हातांत धरून तिच्यापुढं बसला. "धर मान," म्हणाला. मराठीतच.

ती मान धरणार, मी थेंब टाकणार, काका अंग धरून. कुणी काही बोललं नाही. पाच-सहा ड्रॉपर गेल्यावर ठिपकीनं एकाएकी डोकं सोडवून घेतलं आणि टच्चकन चोच मारली. काकाच्या दंडावरच्या काळ्या फितीवर. इतक्या दिवसांत तिची चोच पहिल्यांदाच कशावर तरी पडली होती. नेम लागला की चुकला, देव जाणे. आज्जी खुदकन हसली. मग अक्का. मग काकाही. "हिलाबी सीमाप्रश्न कळायलाय की गे," तो म्हणाला. अक्काला ते मराठी नीट कळलं आणि ती आणखीच हसली.

त्यानं सीमाप्रश्न सुटला नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. काका पुढच्या वर्षीही फेरीला गेला आणि अक्काचा मुलगा चौकात. तिच्या लेकाला आणि माझ्या काकाला जे वाटायचं त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या वर्षीपासून त्या दिवशीही मागचं दार उघडं राहायला लागलं.

दिवाळी १३ तारखेला होती. तोवर ठिपकी चुंबळीशिवाय बसायला लागली. मग उभी राहिली, चार पावलं गेली, तिसऱ्या पावलाला तिरकी. खोलगट वाडग्यात भिजवलेली कणी ठेवली की चोच कुठंही पडली तरी काहीतरी तोंडात यायचं, ही युक्ती आज्जीची. डिसेंबरात ती आपली आपण खायला लागली. मान सरळ झाली, पण पुरती नाही. दचकली की उजवीकडं झुकायची, जन्मभर. आधी मान तिरकी करून कणी मागायची, आता ती आपसूकच तिरकी.

संक्रांतीच्या पुढं कधीतरी तिनं पुन्हा अंडी घालायला सुरुवात केली. पहिली अंडी विकून आलेल्या पैशांत थोडे आपले घालून आज्जीनं खण आणला, गुळेदगुड्डचा. हळदीकुंकू लावून अक्काच्या ओटीत घातला. "तुला अंडं चालत न्हाई, खण चालतोय न्हवं?" अक्कानं खण कपाळाला लावला.

उन्हाळ्याआधी काकानं दवाखान्यातून आणखी एक माहिती आणली. या रोगाला औषध नसलं तरी लस आहे. पण एक कुपी शंभर कोंबड्यांची, बर्फातून आणायची आणि एकदा पाण्यात मिसळली की दोन-एक तासांत संपवायची. अकरा कोंबड्यांच्या घराला ती परवडत नाही, गल्ली एक झाली तरच. मग आज्जी मराठी घरं फिरली आणि अक्का कन्नड. कोंबड्या न पाळणारी अक्का दारोदार जाऊन दुसऱ्यांच्या कोंबड्या मोजत होती, "ओंदू, एरडू, मूरू" करत. काकानं थर्मासात बर्फ घालून कुपी आणली. पहाटे खुराडी उघडायच्या आधी गल्लीतल्या सगळ्या कोंबड्यांच्या पंखाखाली टोचून झालं. लहान पिलांना ती लस चालत नाही, त्यांच्या डोळ्यांत वेगळ्या लसीचा थेंब. आज्जीनं परत आठ तलंगा घेतल्या. त्यानंतर मी त्या घरात असेपर्यंत आमच्या गल्लीत मानमोडी आली नाही.

ठिपकी पुढं चार वर्षं जगली. म्हातारी होऊन, चुलीजवळच्या तिच्या जागेवर, झोपेतच गेली. तिला कापायचं नाव काकानं पुन्हा कधी काढलं नाही. तिच्यासाठी खड्डा त्यानंच काढला.

आता वडगावात गेलं की खुराडी दिसत नाहीत. आमचं परस स्लॅबखाली गेलंय. आज्जी नाही, अक्का नाही, मागांचा आवाजही पूर्वीचा नाही. अक्काच्या घरात तिची नात आहे. ती मला बघितली की मराठीत विचारते, "बरी आहेस काय गे?" आणि मी तिला, "आराम ऐतेन?" आमच्या दोघींच्या भाषा आता भिंतीच्या पलीकडं गेल्यात.

कुणाच्या घरी कोंबडी अशी मान टाकून बसली असेल तर दोनच गोष्टी सांगते. तिला बाकीच्यांपासून वेगळी करा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि ती वाचणार असेल तर थेंबाथेंबानं वाचते, घाई करू नका.

इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबादच्या मंडळींनी सांगा, तुमच्याकडं या रोगाला काय म्हणायचे? आणि तुमच्या भिंतीपल्याडची अक्का कोण होती?